शिळ्या पावाचे गोळे, अंड्याविना

म्युनिकमधल्या बेकऱ्यांत आणि सुपरमार्केटांत पारदर्शक पिशव्या विकायला ठेवलेल्या असतात. आत पावाचे वाळलेले चौकोनी तुकडे, वर किमतीची चिठ्ठी, नाव 'क्नोडलब्रोट'. कालपरवाचे पाव कापून, वाळवून पुन्हा विकायला काढायचे, आणि गिऱ्हाइकांनी ते खुशीनं उचलायचे! शिळं आहे म्हणून कुणी नाक मुरडत नाही. ज्या पदार्थासाठी हे तुकडे लागतात, त्याला ताजा पाव चालतच नाही.

तो पदार्थ म्हणजे झेमल-क्नोडल. दक्षिण जर्मनीत आणि ऑस्ट्रियात न्याहारीला गव्हाचा छोटा, कडक कवचाचा पाव खातात, तो झेमल. तो शिळा झाला की त्याचे काप कोमट दुधात भिजवायचे, लोण्यावर परतलेला कांदा, बारीक चिरलेली पार्सली, जायफळ आणि दोन-तीन अंडी घालून कालवायचं, मोठाले गोळे वळायचे आणि मिठाच्या पाण्यात शिजवायचे. आल्प्सच्या अल्याडपल्याड हे गोळे शेकडो वर्षं खाल्ले जातात. इटलीच्या उत्तर टोकाला, बोल्झानोजवळ होखएप्पान नावाचा किल्ला आहे. त्याच्या प्रार्थनामंदिरातली भित्तिचित्रं इसवी सन १२००च्या आसपासची. येशूच्या जन्माच्या प्रसंगात बाळंतीण मारियेच्या शेजारी एक बाई चुलीपाशी बसली आहे, आणि भांड्यातला एक गोळा उचलून चक्क तोंडात घालते आहे. चित्रकाराला एवढ्या पवित्र प्रसंगीही स्वयंपाक चाखून बघणारी बाई दिसली, हे मला फार आवडतं. त्या भागात आज या गोळ्यांना इटालियनमध्ये 'कानेदेर्ली' म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर तो मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, पण ताटातले गोळे होते तिथेच राहिले.

जर्मनीत नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी शाकाहारी माणसाची या पदार्थाशी गाठ लवकर पडते. बव्हेरियातल्या खानावळीत डुकराचं मांस, बदक आणि सॉसेजच्या यादीखाली 'शाकाहारी' म्हणून जे एक-दोन पदार्थ असतात, त्यांत मश्रूमच्या साईदार रश्शातला झेमल-क्नोडल हमखास असतो. तिथल्या शाकाहारात अंडं धरलेलंच असतं. आपल्याकडच्या अनेक घरांत ते चालत नाही. शिवाय दूध-लोणीही सोडलेली व्हीगन मंडळी आता दोन्हीकडे वाढली आहेत. त्यांनी विचारलं की उत्तर ठरलेलं: अंडं काढलं तर गोळा पाण्यात फुटेल.

हे उत्तर अर्धंच खरं आहे. गोळा फुटतो हे बरोबर, पण बहुतेक वेळा तो फुटतो घाईनं आणि उकळीनं. अंडं या दोन्ही चुका पोटात घालतं, एवढंच. आणि अंड्यावाचून गोळा उभा राहूच शकत नाही म्हणावं, तर शेजारच्या थुरिंगिया प्रांतात बटाट्याचे गोळे करतात ते बघावेत. कच्च्या किसलेल्या आणि उकडलेल्या बटाट्याचे हे गोळे अंड्याविनाच होतात. बटाट्यातला स्टार्च तेवढं काम करतो. मधोमध तळलेल्या पावाचे तुकडेही असतात, म्हणजे पाव तिथेही आहेच.

आधी पावाकडे बघू. पाव शिळा होतो म्हणजे वाळतो, असं आपण धरून चालतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२मध्येच दाखवलं होतं की ओलावा उडू न देता बंद ठेवलेला पावही शिळा होतो, आणि पुन्हा तापवला की काही वेळ मऊ पडतो. खेळ स्टार्चचा आहे. भट्टीत स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, पाव निवू लागला की त्यातले रेणू पुन्हा एकमेकांना लगटून शिस्तीत बसतात आणि पाव घट्ट होतो. गोठणबिंदूच्या थोडंच वर, म्हणजे आपल्या फ्रिजच्या तापमानाला, हे सगळ्यात वेगानं घडतं. म्हणून खायचा पाव फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर ठेवावा, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये टाकावा.

गोळ्यांसाठी मात्र हा घट्टपणाच कामाचा. ताज्या पावावर दूध ओतलं की त्याचा चिकट लगदा होतो, आणि लगद्याचा गोळा शिजला तरी आतून कच्चट, कणकेसारखा लागतो. शिळा, वाळलेला पाव भरपूर पातळ पदार्थ पितो आणि तरीही त्याचे तुकडे तुकडेच राहतात. चांगला क्नोडल फोडला की आत ते वेगवेगळे दिसतात आणि त्यांच्यामधून रस्सा झिरपतो. सुरीनं कापायचा नाही, काट्यानं मोडायचा, हा तिथला शिरस्ता. मोडल्यावर खडबडीत झालेला पृष्ठभाग रस्सा जास्त धरतो. शिवाय सुरी लागावी इतका गोळा कडक झाला, असा अर्थ निघाला तर करणारीला राग येतो तो वेगळाच!

आता अंड्याचं काम कुणाकडून करून घ्यायचं? साधारण साठ ते सत्तर अंश तापमानाला अंड्यातली प्रथिनं गोठतात आणि तुकडे त्यात अडकून बसतात. हीच जबाबदारी मी दोघांत वाटून देते. गोळा पाण्यात पडल्यावरची पहिली काही मिनिटं धोक्याची असतात. आच अजून आत पोचलेली नसते, आणि तेव्हा थंडपणीच धरून ठेवणारं काहीतरी लागतं. ते काम जवस करतं. जवसाची पूड पाण्यात भिजवली की त्याला बुळबुळीत चिकटपणा येतो. पुढचं काम कॉर्नफ्लोअरचं. गोळा आतून तापला की ते फुगून खळीसारखं सगळं बांधून टाकतं. बेसनही चालतं, त्यात प्रथिनं आणि स्टार्च दोन्ही आहेत. पण दोन चमच्यांच्या वर गेलात तर बव्हेरिया राहील बाजूला आणि तोंडात भज्याची चव येईल. मैदा ढकलत राहण्याचा मोहही आवरावा, गोळा रबरासारखा होतो.

प्रमाण असं. वाळलेले पावाचे तुकडे पाव किलो. न गोड केलेलं सोया किंवा ओटचं दूध २५० मिलिलिटर, वर लागेल तसं थोडं. एक मोठा कांदा, दोन चमचे तेल, मूठभर पार्सली. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून. दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, एक चमचा बेसन, चमचाभर मीठ, मिरपूड आणि किसलेलं जायफळ. यात आठ गोळे होतात, चौघांना पुरतात. आपल्याकडे मिळणाऱ्या सोया दुधाच्या पुड्यावर व्हॅनिला आहे का, साखर आहे का, ते वाचून घ्या. ते गोळ्यांत गेलं तर पदार्थाचं मातेरं. नसेलच मिळालं तर भाज्या उकळून गाळलेलं पाणी घ्या. दूध हवंच असा हट्ट धरायचं कारण नाही.

जायफळाबद्दल मराठी माणूस जरा थबकतो. जायफळ श्रीखंडात, पुरणात. कांद्याबरोबर कसं चालेल? चालतं, नव्हे, त्याच्याशिवाय हे गोळे नुसते भिजवलेल्या पावासारखे लागतात. पार्सलीऐवजी कोथिंबीर घालायची असेल तर खुशाल घाला, पण मग जायफळ वगळा. दोघांचं एकमेकांशी पटत नाही.

तुकडे पसरट परातीत घ्या आणि कोमट दूध सगळीकडून शिंपडत ओता, एका जागी नको. कांदा तेलावर मऊ, सोनेरी होईपर्यंत परता, गॅस बंद करून त्यातच पार्सली घाला, थोडं निवलं की परातीत टाका. जवस, कॉर्नफ्लोअर, बेसन, मीठ-मसाला घालून बोटांनी हलक्या हातानं कालवा. कणीक मळतो तसं मळायचं नाही. मग झाकून अर्धा तास विसरून जा. हा अर्धा तास बहुतेक लोक गाळतात आणि नंतर अंडं नव्हतं म्हणून बोटं मोडतात. या वेळात दूध तुकड्यांच्या गाभ्यापर्यंत जातं, पीठ फुगतं, जवस धरायला लागतं. झाकण काढल्यावर मूठभर मिश्रण दाबून बघा. ते एकत्र राहिलं पाहिजे, बोटांच्या फटीतून पाणी येता कामा नये. कोरडं वाटलं तर दोन चमचे दूध, ओलं वाटलं तर पावाचा चुरा.

तळवे पाण्यात बुडवून गोळे वळा. वळताना भेग राहिली तर ओल्या अंगठ्यानं फिरवून बुजवा, कारण पाणी आत शिरतं ते भेगेतूनच. मोठ्या पातेल्यात मीठ घालून पाणी उकळा, आणि आधी एकच गोळा सोडा. हा चाचणीचा गोळा. गोळा पडला की आच कमी करा. पाण्यानं नुसतं थरथरायला हवं, खळखळायला नको. खळखळणारं पाणी गोळ्याला सगळीकडून ठोसे मारतं, त्यात अंड्याचा गोळाही टिकणार नाही. तीन-चार मिनिटांत पाणी जरा गढूळ होईल, ते साहजिक आहे. पण तुकडे सुटून वर तरंगू लागले तर उरलेल्या मिश्रणात आणखी चमचाभर कॉर्नफ्लोअर घाला. ठीक असेल तर बाकीचे सोडा आणि वीस मिनिटं थांबा. गोळे वर येऊन तरंगले म्हणजे झाले असं नाही, आतला स्टार्च शिजायला पूर्ण वेळ लागतो.

एवढं करूनही धाकधूक वाटत असेल तर ऑस्ट्रियाची दुसरी रीत आहे. तेच मिश्रण ओल्या फडक्यात लांबट गुंडाळून, दोन्ही टोकं बांधून शिजवायचं. चेकियातही पाव घालून असे लांब उंडे करतात आणि शिजल्यावर दोऱ्यानं त्यांचे काप पाडतात, म्हणजे ते चेपत नाहीत. अळूवडीचे उंडे आपण वाफवतो, तसेच हे मोदकपात्रात अर्धा तास वाफवता येतात. पाण्याशी संबंधच नाही, तर फुटणार काय? पहिल्यांदा करणाऱ्यानं हीच वाट धरावी, असं माझं मत आहे.

लादी पावाचे होतील का, हा पुढचा प्रश्न. होतात, पण झेमलपेक्षा लादी पाव फार मऊ आणि कवच नसलेला, त्यामुळे तो नीट वाळवावा लागतो आणि दूधही थोडं कमी पितो. आठ-दहा पावांचे सुपारीएवढे तुकडे करून पंख्याखाली पसरून ठेवा, किंवा मंद ओव्हनमध्ये रंग न येऊ देता सुकवा. पावात पाण्याचा वाटा मोठा असल्यामुळे वजन बरंच घटतं. गोव्यात राहत असाल तर पोदेराकडचा कडक उंडो त्याहून उत्तम. कवच असलेला पाव या कामाला नेहमीच सरस. स्लाइस ब्रेडच्या पुड्यावर दुधाची भुकटी लिहिलेली असू शकते आणि बेकरीत पावावर लोण्याचा हात फिरवलेला असू शकतो. काटेकोर व्हीगन असाल तर विचारून घ्या.

शिळं आणि खराब यांत मात्र गल्लत नको. पावसाळ्यात मुंबई-कोकणात पाव वाळण्याआधी त्याला बुरशी येते. हिरवा-पांढरा ठिपका दिसला की तेवढाच भाग काढून उरलेला वापरण्याची काटकसर करू नका. बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात आणि तिची काही विषं शिजवूनही जात नाहीत. तो पाव टाकायचाच. पाऊस असेल तर पाव दुसऱ्याच दिवशी कापून सुकवावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा.

ज्या देशात तीन हजारांहून अधिक प्रकारच्या पावांची नोंद झाली आहे, तिथेही नासाडी कमी नाही. जर्मनीच्या सांख्यिकी कार्यालयाच्या हिशेबानं २०२०मध्ये तिथे सुमारे १ कोटी ९ लाख टन अन्न कचऱ्यात गेलं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त घराघरांतून. आजीच्या हातचे गोळे बंद पडले त्याचाही हा परिणाम, असं म्हणायचा मोह होतो, पण तेवढ्यानं एवढा कचरा होत नाही. गरजेपेक्षा जास्त विकत आणणं हेच त्याचं मोठं कारण.

रस्सा सोपा आहे. तिकडे उन्हाळ्यात जंगलातली पिवळी मश्रूम येतात, आपल्याला बटण मश्रूम पुरतात. ती मोठ्या आचेवर त्यांचं पाणी आटेपर्यंत परता, कांदा घाला, चमचाभर मैदा भुरभुरा, पाणी ओता आणि शेवटी भिजवलेल्या काजूची गुळगुळीत पेस्ट. मिरपूड सढळ हातानं. साईची उणीव भासत नाही, किंबहुना काजूनं रस्सा जास्त दाट होतो.

गोळे उरले तर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी बोटभर जाडीचे काप करून तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा, वर कांदा आणि मिरपूड. बव्हेरियात हे काप कांदा-व्हिनेगर-तेलात मुरवून थंडही खातात, पण मला भाजलेलेच आवडतात, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवसाच्या गोळ्यांपेक्षाही जास्त. म्हणून करायला घ्याल तेव्हा पाव दीडपट घ्या.