चाळीस वर्षांनी पुन्हा माथेरान

आम्ही कल्याण तालुक्यातल्या एका गावच्या बचत गटाच्या बायका. मागच्या वेळी आपण गांडूळ खताबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आम्हीही हसलो होतो. विषय आहे, उतारवयात नवरा-बायकोनं जोडीनं फिरायला जाणं.

झालं असं. गटाच्या बैठकीत आमच्या थोरल्या काकू म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात मी नाही. आम्ही दोघं माथेरानला चाललोय." काकूंचं वय बासष्ट, काकांचं अडुसष्ट. कुणीतरी म्हणालं, "काकू, आता कसला हनिमून?" सगळ्या खो-खो हसल्या. काकूही हसल्या, पण मग गप्प बसल्या. त्यांचं ते गप्प बसणं आम्हाला लागलं. म्हणून त्या परत आल्यावर आम्ही त्यांना नीट विचारलं आणि त्यांच्या परवानगीनं तेच आज तुम्हाला सांगतोय.

काकूंचं लग्न १९८५ च्या फेब्रुवारीतलं. तेव्हा आपल्याकडे नवं जोडपं आधी कुलदैवताला जायचं, मग टिटवाळ्याच्या गणपतीला. फिरायला म्हणून जाणारे थोडेच. ठाणे, डोंबिवली, कल्याणकडच्या नोकरदार माणसाला परवडणारं ठिकाण म्हणजे माथेरान. कर्जत लोकलनं नेरळला उतरायचं आणि छोट्या गाडीत बसायचं. काकूंनी सासूबाईंची परवानगी काढली आणि दोन दिवस जाऊन आल्या. त्यानंतर चाळीस वर्षांत दोघं मिळून गेले ते लग्नाला, मयताला आणि दवाखान्यात.

माथेरानचं आपल्या ठाण्याशी जुनं नातं आहे. १८५० मध्ये ठाण्याचा इंग्रज कलेक्टर ह्यू मॅलेट तिथं चढून गेला आणि पुढं ते थंड हवेचं ठिकाण झालं. रानात आदिवासी त्याच्या आधीपासून राहत होते, हे विसरू नये. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी मुंबईच्या आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं बांधली. १९०४ ला काम सुरू झालं, १९०७ ला गाडी धावली. रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट, आणि वळणं इतकी की पुढचं इंजिन आपल्याला खिडकीतून दिसतं. २६ जुलै २००५ च्या पावसात ही लाईन वाहून गेली होती, ती २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. स्वातंत्र्यलढ्यात २ जानेवारी १९४३ ला मुरबाडच्या सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल हेही माथेरानचेच. काकूंचं माहेर मुरबाडकडचं. पण पहिल्या वेळी हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. काकू म्हणाल्या, "तेव्हा मी मान वर करून काही बघितलंच नाही गं. नवं लुगडं आणि नवा माणूस, दोन्ही सांभाळण्यात दोन दिवस गेले."

आता दुसऱ्या वेळेची गोष्ट. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांनी आधी सगळी चौकशी केली. ती तुमच्याही कामाची आहे.

गावातून कल्याणपर्यंत एसटी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत. वयाचा पुरावा जवळ ठेवायचा. कल्याणहून कर्जत किंवा खोपोली लोकल नेरळला थांबते. गर्दीची वेळ टाळायची. नेरळहून छोट्या गाडीनं वर जायला दोन तासांहून जास्त लागतात. पावसाळ्यात ती नेरळहून सुटत नाही. काका-काकू दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सीनं गेले, कारण पुढं मोटारींना बंदीच आहे. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनातून गावात छोटी गाडी जाते, पंधरा-वीस मिनिटांत पोचवते. ई-रिक्षाही सुरू झाल्यात. माणसानं माणसाला ओढायच्या हातरिक्षा बंद करा, असा सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये आदेश दिला. त्या ओढणाऱ्यांच्या हातात ई-रिक्षा यावी, असं आम्हाला वाटतं.

सामानात काय घ्यावं? बंद चपला किंवा बूट, कारण तांबडी माती घसरते. रोजची औषधं, दोन दिवस जास्तीची. काठी लागत असेल तर न लाजता काठी. आणि खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवायची नाही, माकडं ओढतात. सगळे पॉइंट बघायचा हट्टही नको. काकूंनी दोनच बघितले, शार्लोट तलाव आणि सूर्यास्ताचा पॉइंट.

त्या सूर्यास्ताच्या जागी खरी गोष्ट घडली. तिथं बसल्यावर काका म्हणाले, "मागच्या वेळी मी चुलतभावाकडून पैसे उसने घेऊन तुला इथं आणलं होतं. फेडायला वर्ष लागलं. म्हणून परत कुठं नेलं नाही. लाज वाटायची." काकूंना चाळीस वर्षं वाटत होतं, की यांना माझ्याबरोबर फिरायला आवडत नाही. मग काकूंनीही सांगितलं, "तुम्ही मला घोड्यावर बसवलंत, तेव्हा मी भीतीनं रडत होते. तुम्ही विचारलंत, मी म्हणाले, छान वाटतंय." दोघं हसले. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

रात्री खोलीवर त्या दोघांनी आणखी एक विषय काढला, जो घरी कधी निघाला नसता. आपल्यातलं एक आधी जाणार. मागं राहील त्याचं काय? काकूंना काकांचं खातं कुठल्या बँकेत आहे एवढंच माहीत होतं. वारसदार म्हणून कुणाचं नाव लागलंय, ते माहीत नव्हतं. घरी आल्यावर दोघं बँकेत गेले. नाव काकांच्या आईचं निघालं. त्या जाऊन अठरा वर्षं झाली होती. ते बदलून घेतलं.

मैत्रिणींनो, घरात बोलायला वेळ नसतो असं नाही. पण घरात सून असते, नातवंडं असतात, चुलीवर दूध असतं. दोघांनी बाहेर पडलं की हात रिकामे होतात आणि तोंड उघडतं. त्यासाठी माथेरानच पाहिजे असं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा जोडीनं जिथं गेलात, ते देऊळ, ती जत्रा, तो घाट, कुठंही चालेल. सकाळी जाऊन संध्याकाळी परत आलात तरी चालेल.

आमच्या गटानं आता ठरवलंय. बचतीबरोबर दर महिन्याला पन्नास रुपये वेगळे ठेवायचे, वहीत त्यांचा रकाना वेगळा. या पैशावर घरातल्या कुणाचा हक्क नाही, तो फक्त फिरण्याचा. ज्या बायकांचे मालक नाहीत, त्या मैत्रिणीला घेऊन जातील. पहिली उचल कुणी घ्यायची, यावर मात्र अजून भांडण चालू आहे.

आणि हो, काकूंनी आम्हा सगळ्यांना चिक्की आणली होती. खाताना कुणी हसलं नाही.

तुम्ही शेवटचं दोघं मिळून कुठं गेला होतात, ते आज घरी जाऊन त्यांना विचारा. नमस्कार.