कराराची मुदत आणि कलावंताचे स्वातंत्र्य

आमच्या गोडादऱ्याच्या वस्तीत खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. ‘उचल’ या शब्दाचा अर्थ त्यांना सांगावा लागत नाही. कामाआधी हाती पडलेली रक्कम आणि तिच्यापोटी दिलेला शब्द, म्हणजे उचल. तमाशाच्या फडातही हाच शब्द रूढ आहे. हंगामापूर्वी फडमालक कलावंताला उचल देतो आणि कलावंत त्या हंगामापुरता त्या फडाचा होतो. पण तो किती बांधला जातो, आणि किती काळ? नट, गायक, खेळाडू या साऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहतो. आज त्याचाच थोडा विचार करू.

या प्रश्नाची झळ महाराष्ट्राने पूर्वीच अनुभवली आहे. ‘कुंकू’ या १९३७ सालच्या चित्रपटाने घरोघरी पोचलेल्या शांता आपटे यांचा प्रभात कंपनीशी वेतन व करार यांवरून वाद झाला, आणि जुलै १९३९ मध्ये त्या पुण्यात कंपनीच्या दाराशी उपोषणास बसल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक लिहिले. एवढी नामवंत अभिनेत्री उपोषणाला बसते, यावरून करार हा केवळ कागद नसतो हे ध्यानी यावे.

कायदा येथे दोन गोष्टी वेगळ्या करतो. पहिली ही, की कोणाही गायकाला न्यायालय बळेच गायला लावीत नाही. मन नसता गायलेल्या गाण्याची परीक्षा न्यायाधीशाने कशी करावी? दुसरी ही, की मुदतीत अन्यत्र गाणार नाही असे त्याने कबूल केले असेल, तर त्या मुदतीपुरती त्याला मनाई होऊ शकते. लंडनमध्ये १८५२ साली योहाना वाग्नर या गायिकेच्या खटल्यात हेच ठरले. आपल्याकडील १८७७ च्या विशिष्ट साहाय्य कायद्यातही बारा महिने एकाच नाट्यगृहात गाण्याचे कबूल करणाऱ्या गायकाचे उदाहरण घातलेले होते.

मग मुदत संपल्यावर काय? याचे उत्तर श्रीरामपूरच्या झहीर खान यांच्या प्रकरणात मिळाले. त्यांनी २००० साली जाहिरातींची कामे पाहणाऱ्या पर्सेप्ट डी’मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. त्यात एक कलम असे होते, की मुदतीनंतर दुसऱ्या कोणी काही देऊ केले, तर ते आधी या कंपनीस कळवावे. आणि तिने तेवढेच देऊ केल्यास तिचेच ऐकावे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मार्च २००६ मध्ये निर्णय झाला, की मुदतीपलीकडे माणसाच्या व्यवसायाला घातलेला असा बांध १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमान्वये निरर्थक ठरतो. शिवाय ज्या कामाचा पाया परस्परविश्वास आहे, ते विश्वास उडाल्यावर कोणावर लादता येत नाही.

उचलीलाही मर्यादा आहे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाकडून सक्तीने काम करून घेणे, अन्यत्र पोट भरण्याची त्याची मोकळीक हिरावणे, हे बेकायदा ठरविले. घेतलेल्या पैशाचा हिशेब द्यावाच लागतो. पण त्या हिशेबापायी माणूस गहाण पडत नाही.

तेव्हा आपला मुलगा क्रीडासंघात जावो की मुलगी वाद्यवृंदात गावो, सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : मुदत केव्हा संपते, संपल्यानंतरही काही बंधन लिहिले आहे काय, आणि उचल कोणत्या हिशेबाने वळती होणार. चौथी गोष्ट, कागदाची एक प्रत आपल्या घरी असावी. करारात आपण आपले काम ठराविक काळापुरते देतो, स्वतःला देत नाही.