ललिता पवार यांचा वचक

ललिता पवार यांचं नाव निघालं की दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा अधू झाला आणि नायिकेची कारकीर्द संपली, ही पहिली. त्या अधू डोळ्यातूनच हिंदी सिनेमाला त्याची कजाग सासू मिळाली, ही दुसरी. थप्पड खरी, सासूही खरी. पण दोन्हींना एकाच दोरीत ओवलं की एका अभिनेत्रीचं सगळं कर्तृत्व अपघाताच्या पदरात पडतं. तो अन्याय आहे. ललिताबाईंच्या खाष्ट बायका आजही खऱ्या वाटतात याचं कारण डोळ्यात शोधून सापडणार नाही. त्यांनी उभी केलेली प्रत्येक कठोर बाई आपण कशाची तरी राखण करतो आहोत, अशा पक्क्या समजुतीने वागते. वचक आणि माया यांसाठी त्यांच्याकडे दोन वेगळे आवाज नव्हतेच.

अपघाताआधीचा काळ पाहिला तरी हे पटावं. १९१६ साली येवल्यात जन्मलेली ही मुलगी बारा-तेरा वर्षांची होण्याआधीच मूकपटांत आली. १९३२ मध्ये ‘कैलाश’ या मूकपटात तिने काम केलंच, शिवाय त्याच्या निर्मितीतही वाटा उचलला. १९३५ चा ‘हिम्मत-ए-मर्दा’ हा तिचा सुरुवातीचा बोलपट, आणि पुढे टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’वरचा ‘दुनिया क्या है’ही तिचीच निर्मिती. म्हणजे पडद्यावर हुकूम सोडायला लागण्याच्या कितीतरी आधी पडद्यामागे निर्णय घ्यायची सवय या बाईला होती. अपघातानंतर उपचारांत काळ गेला, पण १९४४ च्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’त त्या आनंदीबाई होऊन उभ्या राहिल्या. नारायणराव पेशव्याच्या खुनाचा डाग आपल्याकडच्या लोककथेने जिच्यावर कायमचा लावला ती ही बाई. नवऱ्याची गादी हा आपला हक्कच आहे असं मानणारी आनंदीबाई साकारायला नुसता वाकडा डोळा पुरला नसता.

डोळ्याने त्यांना काहीच दिलं नाही का, असं कुणी विचारेल. दिलं, आणि भरपूर दिलं. पापणी किंचित मिटवून त्या समोरच्याकडे पाहायच्या, तेव्हा त्याचं सगळं बिंग आधीच कळल्यासारखं वाटायचं. पण तोच डोळा ‘श्री ४२०’मधल्या केळेवालीच्याही चेहऱ्यावर आहे. ती दोन आण्यांना तीन केळी सांगते, मुंबईत नव्याने आलेला राज तीन आण्यांत दोन मागतो, आणि दोघांची हुज्जत जुंपते. ती त्याच्यावर खेकसते, आणि त्या खेकसण्यातच या उपाशी पोराला पदराखाली घेण्याचं ठरूनही जातं. चेहरा तोच, स्वर तोच, तरी भीती उरत नाही. १९५९ च्या ‘अनाडी’त हृषीकेश मुखर्जींनी हेच सूत्र पुढे नेलं. मिसेस डिसा थकलेल्या भाड्यावरून राजला फैलावर घेते, आणि त्याच्या पोटात काही आहे की नाही याची काळजीही तीच करते. मोतीलालच्या कंपनीच्या सदोष औषधाने ती मरते आणि आळ राजवर येतो, तेव्हा प्रेक्षकाचा जीव कळवळतो, कारण तिच्या रागावण्याची त्याला तोवर सवय झालेली असते. या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. हृषीकेश मुखर्जींच्याच ‘आनंद’मध्ये त्यांनी केलेल्या कडक मेट्रनचं आडनावही डिसाच आहे, दिग्दर्शकाला त्या बाईची आठवण राहिली असावी, असं मला मनापासून वाटतं.

आता दुसऱ्या टोकाला, व्ही. शांतारामांच्या ‘दहेज’मध्ये पाहू. सून छळाने मरते, तरी ललिताबाईंची सासू सैतान वाटत नाही. मुलाच्या घराची पत राखायची म्हणजे हेच करायचं, याबद्दल तिला शंकाच नाही, आणि तिची दहशत त्या निःशंकपणात आहे. ‘सुजाता’तली सनातनी आत्याबाई तर घरच्यांवर जीव टाकणारी आहे, नातवाच्या भल्याचा विचार करतानाच ती दलित मुलीला अस्पृश्य मानते. जातीयता मायेच्या हाताने कशी वाढली जाते, हे बिमल रॉयना दाखवायचं होतं. निव्वळ खलनायिका घेतली असती तर ते साधलं नसतं.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळाच आहे. अशा भूमिकांनी अधिकार गाजवणारी प्रौढ स्त्री म्हणजे खलनायिका, हे समीकरण रूढ केलं, असं म्हणतात. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ हे त्याचं ठळक उदाहरण. हिंदू विवाह कायदा झाला त्याच वर्षी आलेल्या या चित्रपटात स्त्रीहक्कांसाठी भांडणारी आत्या सीतादेवी हास्यास्पद ठरवली आहे. आक्षेप पटकथेला पुरेपूर लागू होतो. ललिताबाईंनी मात्र सीतादेवीची खिल्ली उडवली नाही, तिच्या भाषणांतला विश्वास शाबूत ठेवला. म्हणूनच आज तो चित्रपट पाहताना तिचं म्हणणं पटू लागतं. नंतरच्या काळात पटकथांनीच आरडाओरड्यापलीकडे काही मागितलं नाही, आणि ‘सौ दिन सास के’सारख्या चित्रपटात त्यांनीही तेवढंच दिलं. ते काम पातळ आहे, हे त्यांच्यावरच्या प्रेमापोटी लपवू नये.

पण १९६२ चा ‘प्रोफेसर’ पाहावा. शम्मी कपूर म्हाताऱ्याचं सोंग घेऊन घरात शिरतो आणि करारी सीतादेवी वर्मा त्याच्या प्रेमात पडते. प्रसंग विनोदासाठीच लिहिलेला. ललिताबाई मात्र आयुष्यभर शिस्तीत बांधून घेतलेल्या बाईचं उशिरा उमललेलं मन इतक्या गांभीर्याने दाखवतात की हसता हसता प्रेक्षकाला अपराधी वाटू लागतं. आदल्याच वर्षी ‘जंगली’त घरात हसूही न देणारी शम्मीची आई त्यांनीच केली होती.

१९८७ मध्ये दूरदर्शनच्या ‘रामायण’ने घराघरात त्यांची मंथरा पोचवली आणि नव्या पिढीने त्यांना तेवढ्यावरच ओळखलं. त्या मंथरेकडे नीट पाहावं. कैकेयीचे कान भरताना ती कारस्थानी कमी आणि आपल्या हाताखाली वाढलेल्या मुलीचं काय होणार या चिंतेने पछाडलेली जुनी दासी जास्त वाटते. अयोध्येचं वाटोळं होतं, आणि तिच्या लेखी ती आपल्या पोरीचं हितच पाहत असते.