भेडाघाट : कोजागरीचे चांदणे आणि नर्मदेच्या पाण्याचे गणित

जबलपूर : कोजागरीच्या रात्री नर्मदेच्या दोन्ही तीरांवरील सुमारे शंभर फूट उंचीचे संगमरवरी कडे उजळलेले पाहायचे, तर भेडाघाट गाठावे लागते. जबलपूर शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरील या गावी शरद पौर्णिमेच्या पर्वात नर्मदा महोत्सव भरतो. मात्र येथे कॅलेंडरइतकेच पाण्याचेही गणित पाहावे लागते.

पावसाळ्यात नर्मदेला पूर येतो आणि पंचवटी घाटावरील नौकाविहार बंद ठेवला जातो. साधारणतः ऑक्टोबरच्या मध्यास होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. कोजागरी लवकर आली आणि पाणी ओसरले नसेल, तर चांदण्यातील फेरी घडेलच असे नाही. वरच्या अंगाला असलेल्या बरगी धरणातून किती पाणी सोडले जाते, यावरही येथील पातळी ठरते. धुआंधार धबधब्याचे तर विपरीतच आहे. भर पुरात तो पाण्याखाली जवळजवळ लुप्त होतो. पाण्याचे तुषार धुरासारखे उसळलेले पाहण्यास हिवाळाच उत्तम. कठड्यापलीकडचे खडक मात्र निसरडे असतात. छायाचित्रासाठी तेथे उतरणे जिवावर बेतू शकते.

होडी सुमारे तीन किलोमीटरच्या दरीतून जाते. ‘बंदरकूदनी’ येथे दोन्ही कडे इतके जवळ येतात की पूर्वी माकडे एका तीरावरून दुसऱ्या तीरावर उडी मारत, असे सांगितले जाते. नावाड्यांचे यमक जुळवलेले हिंदी वर्णन हा प्रवासाचा निम्मा आनंद आहे.

टेकडीवरील चौसष्ट योगिनी मंदिर दहाव्या शतकातील, कलचुरी राजवटीचे. वर्तुळाकार ओवऱ्यांतील अनेक मूर्ती भग्न आहेत, तरी त्यांची घडण नजर खिळवून ठेवते. कलचुरींची राजधानी त्रिपुरी म्हणजे वाटेवरचे आजचे तेवर गाव. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असलेले १९३९चे काँग्रेस अधिवेशन याच नावाने इतिहासात नोंदले गेले. नदीकाठचा लम्हेटाघाट भूवैज्ञानिकांना परिचित आहे. येथील खडकांच्या थराला ‘लमेटा’ हे नाव त्यावरूनच मिळाले. ठगांचा बंदोबस्त करणारे विल्यम स्लीमन यांना १८२८मध्ये जबलपूर परिसरातील याच थरात डायनासोरचे जीवाश्म सापडले. भेडाघाट-लम्हेटाघाट परिसर २०२१मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाला. ही यादी म्हणजे अंतिम मान्यता नव्हे.

मराठी माणसाला हे शहर परके नाही. १८१७पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे १९५६पर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते. मुंबई-कोलकाता रेल्वेमार्गही १८७०मध्ये जबलपुरातच जोडला गेला. आज मुंबईहून इटारसीमार्गे थेट गाड्या आहेत.

चातुर्मास संपताच नर्मदा परिक्रमेला निघालेले मराठी यात्रेकरूही या काठाने जातात. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते, त्यामुळे होडीत न बसता ते हे कडे तीरावरूनच डोळ्यांत साठवतात आणि ‘नर्मदे हर’ म्हणत पुढे चालू लागतात.