भिंतीवरचा गंजिफा

सासूबाईंसोबत सावंतवाडीला गेले, तेव्हा राजवाड्यातून दशावतारी गंजिफा आणला होता. १२० गोल पानं! त्या गेल्यावर दहा अवतारांची दहा पानं फ्रेम करून लावली, नेमकी पश्चिमेच्या खिडकीसमोर. सोलापूरचं ऊन ते. दोन उन्हाळ्यांत नरसिंहाचा लाल रंग पार विटला.

काच होती की, असं मला वाटलं. पण साधी काच अतिनील किरणं पूर्ण अडवत नाही. नुसत्या उजेडानंही रंग उडतो अन् उडालेला परत येत नाही. संग्रहालयांत अशा नाजूक चित्रांवर ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात.

आता फ्रेम आतल्या बोळात आहे, काच आणि पानाच्या मध्ये माउंट घातलाय. चार महिन्यांनी पानं बदलते, बाकीची पेटीत. नरसिंह मात्र कपाटात, सासूबाईंच्या इरकलीशेजारी.