पीडितेचं नाव आणि फोटो फॉरवर्ड करणं गुन्हा आहे, हमदर्दीने केलं तरी

जुलै 2024 मध्ये नवी मुंबई दोन घटनांनी हादरली. इथल्या एका विवाहितेवर शिळफाटा भागात सामूहिक अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. त्याच महिन्यात उरणमध्ये एका तरुणीची निर्घृण हत्या झाली. एका प्रकरणातले आरोपी एका धर्माचे, दुसऱ्यातला दुसऱ्या धर्माचा. मग व्हायचं तेच झालं. ज्याला जे प्रकरण सोयीचं, त्याने ते उचललं. दोघींची नावं आणि फोटो चॅनलवर आले, सोसायटीच्या ग्रुपवर फिरले. पहिल्या प्रकरणात तर नाव छापणं थेट कायद्याविरुद्ध होतं. आम्ही इथे दोन्ही नावं लिहीत नाही.

असं नाव छापण्यावर बंदी घालणारा कायदा आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणानंतर आला. 1972 साली गडचिरोलीकडच्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण झालं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडून दिलं, त्यावर देशभर आंदोलन झालं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. तेव्हाच भारतीय दंड संहितेत कलम 228-अ आलं. गंमत म्हणा की दुर्दैव, ते प्रकरण आजही त्या मुलीच्याच नावाने ओळखलं जातं.

1 जुलै 2024 पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत 72 क्रमांकाने आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पीडिता 18 वर्षांखालची असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम 23 लागतं. त्यात नुसतं नाव नाही; फोटो, पत्ता, घरच्यांची माहिती, शाळा, वस्ती, ज्यावरून मुलगी ओळखू येईल असं काहीही छापायला मनाई आहे. 11 डिसेंबर 2018 च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने सोशल मीडियाचाही स्पष्ट उल्लेख केला. पीडिता मरण पावली असली तरी तिचं नाव उघड करता येत नाही. नातेवाइकांनी परवानगी दिली तरीही नाही. तसं खरंच गरजेचं असेल तर तो निर्णय सत्र न्यायाधीशांचा.

पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट आहे ती नाव फुटल्यावर त्या घरात काय होतं ही. तळोजा, तुर्भे, कोपरखैरणे, नेरुळ, कुठल्याही वस्तीत बघा. नाव छापायचीही गरज नसते. ‘अमुक सेक्टरमधली, अमुक शाळेत आठवीत शिकणारी, रिक्षाचालकाची मुलगी’ एवढं आलं की पूर्ण बिल्डिंगला कळतं. मुलीची शाळा सुटते. धाकट्या बहिणीच्या रिश्त्याच्या वेळी विषय निघतो. घरमालक घर खाली करायला सांगतो, किंवा बाप स्वतःच खोली विकून गावी जायचं म्हणतो. केस वर्षानुवर्षं चालते, आणि साक्षीची तारीख येईपर्यंत कुटुंब इतकं थकलेलं असतं की मिटवून टाका म्हणणाऱ्यांचं ऐकावंसं वाटतं. फायदा आरोपीचा. हे सगळं शेजारची दुसरी आई बघत असते, आणि तिच्या मुलीवर वेळ आली तर ती पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही.

यात एक बारकावा आहे जो बातमीदारही विसरतात. सरकारी आकडेवारीनुसार बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, कधी सख्खा बाप. अशा वेळी ‘चाचाने भाचीवर’ असं लिहून चाचाचं नाव दिलं की मुलीचं नाव दिल्यासारखंच झालं.

हमदर्दीबद्दलही बोललं पाहिजे. 2018 मध्ये कठुआच्या लहान मुलीचा फोटो समाजातल्या कित्येकांनी डीपीला लावला होता. नियत इन्साफ मागण्याची होती, यात शंका नाही. पण त्याच एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिची ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना प्रत्येकी 10 लाख रुपये भरायला लावले. ती रक्कम जम्मू-काश्मीरच्या पीडित भरपाई निधीत गेली. इन्साफासाठी फोटोची गरज नसते. मोर्चा फोटोशिवायही निघतो.

कोणी म्हणेल, मग बिल्किस बानो यांचं नाव कसं चालतं? त्या स्वतःच्या नावाने लढल्या, माध्यमांसमोर आल्या. सज्ञान पीडितेने स्वतः लेखी संमती दिली तर कायदाही नाव देऊ देतो. हा हक्क तिचा आहे. ग्रुप अॅडमिनचा नाही, पत्रकाराचा नाही, समाजाच्या जिम्मेदारांचाही नाही.

आपल्याकडे अशा वेळी ‘ऐब झाकावा’ असं म्हटलं जातं. आम्हाला हा शब्दच इथे खटकतो. ऐब आरोपीचा आहे, मुलीचा काय? नाव गुप्त ठेवायचं ते तिच्या हिफाजतीसाठी, आणि त्याचा अर्थ तक्रार दाबणं असा होत नाही. सूरह नूरमध्ये इफ्कच्या घटनेवर आलेल्या आयतींत ऐकलेली गोष्ट तोंडातोंडी पसरवणाऱ्यांना सख्त ताकीद आहे. आज ते तोंडाचं काम बोटाने होतं, एवढाच फरक.

तक्रार करताना ओळख जपली जाते, हे घरातल्या बायकांना माहीत असू द्या. पॉक्सो प्रकरणात मुलीचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि पोलीस वर्दीत नसावेत असा नियम आहे. मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181, तातडीने पोलीस हवे असतील तर 112. फोटो किंवा व्हिडिओ पसरला असेल तर स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, पुढे पाठवू नका, आणि सायबर क्राइम पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात द्या. मदतीसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. वाशी, नेरुळ, बेलापूरसाठी ते ठाण्यात, पनवेल, तळोजा, उरणसाठी अलिबागला.