पंचांचा कागद आणि कोर्टाचा हुकूम

नवरा-बायकोचे पटेनासे झाले की आपल्याकडे अजूनही पंच बसतात. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसे आणि एखादा शब्दाला वजन असलेला कार्यकर्ता. समजूत पटली तर लेक नांदायला जाते. नाही पटली तर स्टँपपेपर येतो, सह्या-अंगठे होतात, नोटरीचा शिक्का बसतो आणि ‘सोडचिठ्ठी झाली’ म्हणून मंडळी उठतात. उमरगा असो की परंडा, धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकांना हा रिवाज नवा नाही.

समजूत घालणे चांगलेच. पण त्या कागदाने लग्न मोडत नाही, हे प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे.

आपल्या बौद्ध समाजाला १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे. हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देऊ केला होता. ते बिल रखडले तेव्हा, १९५१ साली, त्यांनी कायदेमंत्रिपद सोडले. पुढे १९५५ साली कायद्यात आलेला तो हक्क कोर्टाच्या हुकुमाने मिळतो. जुन्या रूढीची काडीमोड कायद्याने पुसून टाकलेली नाही. पण अशी रूढी होती, हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावे लागते.

पंचांना लवाद नेमले तर? पैशाच्या, धंद्याच्या भांडणात लवादाचा निवाडा चालतो. घटस्फोट आणि मुलांचा ताबा हे विषय मात्र लवादाकडे जाऊ शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या एका निकालात नमूद केले आहे.

कागदावर विसंबून दुसरे लग्न केले, तर ते रद्दबातल ठरते आणि गुन्हाही होतो. त्या लग्नाची मुले कायद्याने औरस मानली जातात, पण त्यांची आई कायदेशीर पत्नी ठरत नाही. अशा एका कागदापायी दोन घरच्या लेकी फसतात.

मग वर्षानुवर्षे तारखाच खायच्या का? नाही. त्यासाठी मध्यस्थी आहे. वैवाहिक भांडणे कोर्टांनी मध्यस्थीकडे पाठवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. मध्यस्थ म्हणजे प्रशिक्षण घेतलेला वकील किंवा न्यायाधीश. तो निकाल देत नाही, कुणावर दंड बसवत नाही. दोघांचे एकत्र ऐकतो, वेगवेगळे ऐकतो. तिथले बोलणे गुप्त राहते. नांदायचे ठरले तर उत्तमच. वेगळे व्हायचे ठरले तर पोटगी किती व कोणत्या तारखेला, मुले कुणाकडे, भेट कधी, दागिने-भांडी परत कशी, हे सारे लिहून घेतात.

त्यानंतर परस्पर संमतीचा अर्ज करता येतो. त्यासाठी दोघे एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. अर्जानंतर सहा महिने थांबायचे असते. योग्य प्रकरणात ही मुदत कोर्ट माफ करू शकते, असे २०१७ साली ठरले आहे.

खर्चाची धास्ती नको. जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती. तिथे स्त्रियांना व अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. जाताना लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले आणि पंचांचा कागद झाला असेल तर तोही बरोबर ठेवावा.

आणि एक. मारहाण होत असेल तर ‘समजुतीने घ्या’ म्हणून लेकीला परत धाडू नका. मध्यस्थीतही तिच्यावर तडजोडीची सक्ती नसते. नको असेल तर तिने स्पष्ट नाही म्हणावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आणि राहण्याची सोय मागता येते.

पंचांनी बसू नये, असे आम्ही म्हणत नाही. चार माणसांच्या शब्दाने पुष्कळ संसार सावरलेले आहेत. फक्त जिथे शब्द थांबतो तिथे पंचांनी स्टँपपेपर आणू नये. दोघांना घेऊन तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जावे. लेकीच्या हातात कोर्टाचा हुकूम पडला, तरच ती पुढचे आयुष्य निर्धास्तपणे मांडू शकेल.